तुम्ही विचारलंत म्हणून: साहेबांना तंत्रज्ञान किती कळायला हवं?

वरच्या खुर्चीतल्या माणसांना तंत्रज्ञान कळलं तर कंपनी जास्त कमावते का, हे तुम्ही नेहमी विचारता. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: मग सीईओंनी कोडिंग शिकावं का? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. नको.

पहिल्याला आकड्यांचा थोडा आधार आहे. एमआयटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बड्या नोंदणीकृत कंपन्यांची संचालक मंडळं तपासली. डिजिटल जाण असलेले तीन किंवा जास्त संचालक होते तिथे महसूलवाढ आणि नफा सरस होता. एक-दोघांनी फारसा फरक पडत नव्हता. पटण्यासारखं आहे. जाणकार एकटाच असला की तांत्रिक विषय त्याच्यावर ढकलून बाकीचे मोकळे होतात. मात्र भरभराटीतल्या कंपनीला अशी माणसं मिळतातही सहज. त्यामुळे 'तीन माणसं नेमा, नफा वाढवा' असं गणित कुणी मांडलं तर ऐकून सोडून द्या.

हा संबंध नफ्यापेक्षा नुकसानीत जास्त स्पष्ट दिसतो. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीने २०१२ मध्ये नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढवला. आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना प्रोग्रॅम पडून होता, आणि तो चालू करणारा फ्लॅग, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं चालू-बंदचं बटण, नव्या कोडसाठी पुन्हा वापरला होता. १ ऑगस्टला बाजार उघडताच आठवा सर्व्हर ऑर्डरमागून ऑर्डर सोडत सुटला. गडबडीत लोकांनी उरलेल्या सातांवरून नवा कोड काढला, आणि जुना प्रोग्रॅम तिथेही जागा झाला. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान! बाजार उघडण्याआधी सिस्टिमने आपणहून ९७ ईमेल पाठवल्या होत्या, पण त्या इशारा म्हणून वाचायची पद्धतच नव्हती.

कोड वाचता येणाऱ्या सीईओने इथे काय दिवे लावले असते? उपयोग झाला असता तो साध्या प्रश्नांचा. सगळ्या सर्व्हरवर एकच व्हर्जन आहे हे दुसऱ्या माणसाने तपासलं का? रोलबॅक केला, म्हणजे नवा कोड काढून जुन्यावर परतलो, तर नेमकं काय मागे जातं, आणि तो एकदा करून पाहिलाय का? तोटा अमुक रकमेपलीकडे गेला की सिस्टिम आपोआप थांबते का?

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये लाखो ग्राहकांची खाती नव्या सिस्टिमवर नेली आणि त्यातल्या सुमारे १९ लाखांना आपलंच खातं उघडेना. डेटा सेंटर दोन, भाराची चाचणी, म्हणजे एकदम खूप ग्राहक आले तर सिस्टिम टिकते का हे बघणं, मात्र एकाचीच झालेली. वेळापत्रकही आधी शेवटची तारीख धरून मागे मोजत आखलेलं. असं का, हे संचालक मंडळाने खोलात जाऊन विचारलं नाही. २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड बसला.

म्हणून 'सगळं हिरवं आहे', म्हणजे सगळं ठीक आहे, असं ऐकलं की चाचणीचा अहवाल मागवा आणि त्यात चारच गोष्टी बघा: एकाच वेळी किती युजर होते, चाचणी किती तास चालली, कोणत्या सर्व्हरवर, आणि काय नापास झालं. नापास काहीच नसेल तर चाचणीच पुरेशी कडक नव्हती असं समजून पुन्हा लावा.

अर्धवट जाण मात्र अजाणपणापेक्षा महाग पडते. एखाद्या परिषदेतून परतलेले साहेब टूलचं नाव घेऊन येतात, आणि मग टीम त्या टूलला शोभेलसं काम शोधत बसते.