ओहोटी बघून आखलेलं कॉर्नवॉल

मुलगा रेडिंगला राहतो, त्यामुळे लंडन आमचं आधीच बघून झालं होतं. या मे महिन्यात निघण्यापूर्वी मी त्याला फोनवर सांगितलं, "या वेळी दहा गावं नकोत. एकच काउंटी दाखव, पण नीट दाखव." त्यानं कॉर्नवॉल निवडलं. इंग्लंडचं नैर्ऋत्येचं, अटलांटिकमध्ये घुसलेलं टोक. रेडिंगला पेन्झॅन्सची गाडी धरली की पाचेक तासांत आपण रुळांच्या शेवटाला पोचतो. डावीकडची खिडकी मिळवा. डॉलिशला गाडी समुद्राच्या बांधावरून जाते, आणि पेन्झॅन्स यायच्या जरा आधी पाण्यात उभी सेंट मायकल्स माउंट ही टेकडी दिसते.

कॉटेज पेन्झॅन्सच्या बाहेर होतं. ग्रॅनाइटच्या जाड भिंती, बसकी दारं, खोल खिडक्या. अशी घरं बहुतेक शनिवार ते शनिवार भाड्यानं मिळतात. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते स्वयंपाकघर. पोहे, मेतकूट, भाजणी पुण्याहून नेली होती. दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला तिथं बंदी आहे, म्हणून तूप नेलं नाही. दुकानातून लोणी आणून कढवलं आणि पहिल्या रात्री मेतकूट-तूप-भात खाल्ला. सूनबाई म्हणाली, "आई, घराला घराचा वास आला."

त्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत भरती-ओहोटीच्या वेळांचं एक छोटं पुस्तक ठेवलेलं होतं. शाळेत भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. कोकणातला साधा हिशेब मी दरवर्षी फळ्यावर लिहायची: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पिशवीत कालनिर्णय होतंच, मग पुस्तकातल्या वेळा तिथ्यांशी ताडून बघत बसले. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते. पेन्झॅन्सला ती पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या पुढेमागे. चंद्र तोच, पण समुद्राचा तळ, किनाऱ्याचा आकार आणि अटलांटिकमधून लाट फिरत येण्याची वाट वेगळी, म्हणून प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. त्यामुळे तिकडे मोठी ओहोटी नेमकी दुपारच्या तोंडावर मिळते, आणि पाणी पाचेक मीटर उतरतं. फिरायला याहून सोयीचं काय! आमचा रोजचा बेत त्या पुस्तकावरूनच ठरायला लागला.

सेंट मायकल्स माउंटला मॅराझियन गावातून ओहोटीच्या वेळी चालत जाता येतं. दगडी फरसबंदीची वाट आहे. ती पाण्याबाहेर आली की लोक निघतात, चारेक तासांत ती पुन्हा बुडते, मग होडी. अलिबागचा कुलाबा किल्ला ज्यांनी ओल्या वाळूतून चालत किंवा घोडागाडीतून गाठलाय, त्यांना हे नवीन वाटणार नाही. वर पूर्वी मठ होता, नंतर गढी झाली. सतराव्या शतकापासून तिथे एकच घराणं राहतंय, आणि 1954 पासून जागा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. वरचे दिवाणखाने मी भराभर पाहिले. मला परत त्या वाटेवर यायचं होतं. दोन्ही बाजूंनी पाणी चढत येतं आणि मधला चिंचोळा दगडी पट्टा ओला होत जातो, ते मी शेवटपर्यंत उभी राहून पाहिलं.

पोर्थकर्नो बघायलाच हवं, आणि ते तिथल्या सुंदर वाळूसाठी नव्हे. 1870 साली मुंबईहून निघालेली समुद्राखालची तारेची केबल एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत इथे जमिनीवर आली. फाल्मथचं मोठं बंदर मुद्दाम टाळलं, कारण तिथे जहाजांच्या नांगरांत केबल अडकायची भीती. बोटीनं यायला आठवडे लागणारा निरोप काही मिनिटांत यायला लागला. दुसऱ्या महायुद्धात हे ठाणं बॉम्बपासून वाचवायला डोंगरात बोगदे खणले, तेही कथिलाच्या खाणीतल्या कामगारांकडून. आता त्याच बोगद्यांत संग्रहालय आहे. पुळणीजवळ केबल वर यायची ती लहानशी खोलीही आहे. मुंबईचं नाव त्या निर्जन खाडीत वाचताना माझ्या अंगावर काटा आला. गव्हर्नर, व्यापारी, लष्कर, दुष्काळाच्या बातम्या, कापसाचे भाव, सगळं या वाळूखालून गेलं.

बोटॅलॅकच्या खाणी कड्याच्या पार खाली, लाटांच्या तोंडाशी आहेत. इंजिनघरांच्या भिंती आणि धुराडी तेवढी उरलीत. कथिल आणि तांब्यासाठी इथले बोगदे समुद्राखाली दूरवर गेले होते. खाणींचा धंदा बसला तसे इथले खाणकामगार जगभर पांगले. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीतही कॉर्नवॉलचे खाणकामगार होते. कड्यावरून पायवाट जाते, मेमध्ये तिच्या कडेनं गुलाबी फुलांचे गुच्छ असतात. वारा मात्र सोसत नाही. कानटोपी न्या.

स्कोन (छोटा, जाड बनसारखा पाव), जॅम आणि क्लॉटेड क्रीम खाल्लंच पाहिजे. मंद आचेवर तापवून वर धरलेली ती जाड साय आपल्या आजीच्या सायीसारखीच. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, मग क्रीम; शेजारच्या डेव्हनमध्ये उलट. पास्टीत, म्हणजे तिथल्या भाजलेल्या मोठ्या करंजीत, बीफ असतं, पण चीज-कांद्याचीही मिळते.

माउझलहून न्यूलिनकडे जाताना पेनली पॉइंटला जुनं लाइफबोट ठाणं, म्हणजे समुद्रात अडकलेल्यांना वाचवणाऱ्या होडीचं ठाणं लागतं. 19 डिसेंबर 1981 च्या वादळात युनियन स्टार हे जहाज इंजिन बंद पडून किनाऱ्याकडे ओढलं जात होतं. त्यावरच्या आठ जणांना वाचवायला गावातले आठ स्वयंसेवक सॉलोमन ब्राउन ही लाकडी होडी घेऊन गेले. सोळापैकी एकही परत आला नाही. दुसऱ्या दिवशी नव्या होडीसाठी गावातली माणसं नाव नोंदवायला पुढे आली. नाताळासाठी माउझलच्या बंदरात दिव्यांची रोषणाई असते. दरवर्षी 19 डिसेंबरला ती तासभर मालवतात. लाइफबोटची ही सेवा 1824 पासून देणग्यांवर चालते. आम्ही तिथल्या पेटीत पैसे टाकले, आणि कॉर्नवॉलला जाणाऱ्या प्रत्येकानं ते टाकावेत असं मला मनापासून वाटतं.

न्यूलिन यांच्यासाठी होतं. यांची नोकरी मोजणी खात्यातली. तिथल्या दक्षिण धक्क्याच्या टोकाला, लाल-पांढऱ्या दीपगृहाशेजारच्या खोलीत 1915 ते 1921 अशी सहा वर्षं समुद्राची पातळी नोंदवली आणि तिची सरासरी काढली. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरच्या डोंगरांची नकाशातली उंची त्या सरासरीपासून धरतात. आत जाता आलं नाही. हे धक्क्यावर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे आपण शून्यावर आलो." मासेमारीच्या बोटी लागत होत्या, त्यामुळे आम्हाला बाजूला व्हावं लागलं.

जायचं असेल तर मे किंवा सप्टेंबर धरा. शाळांच्या सुट्टीत घरभाडं फार चढतं आणि दोन्हीकडे उंच दगडी बांध असलेल्या अरुंद रस्त्यांवर गाड्या खोळंबतात. गाडी चालवायची नसेल तर पेन्झॅन्सहून लँड्स एंड या पश्चिमेच्या टोकाच्या बाजूला बस आहे. आणि घर ठरवण्याआधी त्या आठवड्याच्या ओहोटीच्या वेळा नक्की बघा.