कोऱ्या चौकटीनंतरचे एकवीस महिने

जून संपत आला की आणीबाणीच्या आठवणी निघतात आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’चे मालक रामनाथ गोएंका यांना आदरांजली वाहणारे लेख छापून येतात. त्या सुमारास मला हमखास एक प्रश्न विचारला जातो : तुरुंगात गेलेले पत्रकार आणि संपादक एवढे असताना तुम्ही आधी एका मालकाचे नाव का घेता? तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो.

मी आयुष्यभर एका दैनिकाच्या हिशेब विभागात नोकरी केली. अंकाच्या किमतीतून कागदाचाही खर्च निघत नाही, जाहिरातींवरच सारा डोलारा उभा असतो आणि कागदाची रिळे उधारीवर येतात, हे मी रोज पाहत होतो. एखाद्या मोठ्या जाहिरातदाराचा धनादेश चार दिवस लांबला, तर कागदवाल्याचा वसुलीचा माणूस माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसे आणि मी त्याची नजर चुकवत खतावणीची पाने उलटत राही. त्या चार दिवसांत घशाला पडणारी कोरड मी विसरलेलो नाही.

२५ जून १९७५च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. २८ जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने सेन्सॉरशिपचा निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. बहुतेक आदरांजल्या या कोऱ्या चौकटीपाशी येऊन थांबतात, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे, कारण ती चौकट एका दिवसाची होती आणि आणीबाणी त्यानंतर जवळजवळ एकवीस महिने चालली. सरकारी जाहिराती बंद झाल्या, बँकांनी हात आखडता घेतला, वृत्तपत्र विकून टाकावे म्हणून दबाव आला, उद्योगपती के. के. बिर्ला यांच्या अध्यक्षतेखाली सरकारच्या मर्जीतले संचालक मंडळ बसवण्यात आले आणि संपादक मुळगावकर यांना जावे लागले. १९७६ मध्ये तर दिल्ली महापालिकेने थकीत कराचे कारण पुढे करून छापखान्याला टाळे ठोकले. ते न्यायालयात जाऊन उघडून घ्यावे लागले. सत्तरी ओलांडलेला, उभ्या हयातीत कमावलेले सारे पणाला लागलेले असा हा मालक, गोएंका, वृत्तपत्र विकून मोकळा होऊ शकला असता. त्यांनी ते विकले नाही. खतावणीसमोर बसलेल्या माणसाला या नकाराचे मोल अधिक कळते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ते देवमाणूस होते, असे मात्र मी म्हणणार नाही. मुळगावकरांच्या जागी आलेल्या व्ही. के. नरसिंहन यांनी त्या काळात संपादकपद निर्भयपणे सांभाळले. आणीबाणी उठल्यावर मुळगावकर परत आले आणि नरसिंहन यांना ती खुर्ची सोडावी लागली. ही गोष्ट मला आजही खुपते. आदरांजलीच्या लेखांत ती गाळली जाते, हे अधिकच खुपते, कारण मालकाने छापखाना राखला तरी त्यातून रोज काय छापून बाहेर पडायचे याची जबाबदारी नरसिंहन यांच्यावर होती.

म्हणून कोणी विचारले की मी आधी रामनाथजींचे नाव घेतो, आणि त्याच दमात नरसिंहन यांचे.