वजा सतरा आणि चारशे कोट

हिवाळ्यात हेलसिंकीतल्या एखाद्या गाण्याबजावण्याच्या बारमध्ये शिरलात, तर पहिलं बोलणं बारटेंडरशी होत नाही, माझ्यासारख्या कुणाशी तरी होतं. दाराशी ओळखपत्र बघणारा सुरक्षारक्षक आणि त्याच्या पुढ्यातच आमचं काउंटर, नारिक्का. कोट द्यायचा, तीन-चार युरो मोजायचे, नंबरचा बिल्ला घ्यायचा आणि आत जायचं. बऱ्याच ठिकाणी कोट ठेवणं सक्तीचंच असतं. पर्यटकांना ते पैसे फार टोचतात. "आम्ही अंगावरच ठेवतो की," हे वाक्य मी किती भाषांत ऐकलंय! आतल्या उकाड्यात दहा मिनिटांनी त्यांचं काय होतं हे मला माहीत असतं, पण वाद घालत नाही. रांग मोठी असते.

मी मिरजेची. इथे शिकते आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री काल्लिओ भागातल्या एका क्लबात कोट टांगते. काल्लिओ म्हणजे एके काळची कामगार वस्ती. वर टेकडीवर ग्रॅनाइटचं मोठं चर्च, खाली रस्त्याच्या दोन्ही अंगांना बार, कराओके, पिझ्झा, आणि मधून हिरवी-पिवळी ट्राम. इथे नुसती बिअर प्यायला येणारे वेगळे आणि गाणं ऐकायला येणारे वेगळे. गाणं ऐकणारे वेळेवर येतात, कारण बँड किती वाजता वाजवणार हे आधी छापलेलं असतं आणि नऊ म्हणजे नऊलाच पहिला ठोका पडतो. आपल्याकडून आलेली मंडळी साडेदहाला डुलत येतात आणि अर्धा कार्यक्रम संपलेला बघून हळहळतात.

डिसेंबरमधला शुक्रवार होता. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत इथे पिक्कुयोउलुचा, म्हणजे ऑफिसातल्या नाताळ पार्ट्यांचा हंगाम असतो. वर्षभर लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारे सहकारी त्या रात्री गळ्यात गळे घालून फिरतात. आमच्यासाठी हा वर्षातला सगळ्यात कामाचा काळ. त्या रात्री बाहेर वजा सतरा होतं. अशा थंडीत कोटही नेहमीपेक्षा जड असतात, एका हँगरवर दोन बसत नाहीत. शिवाय नव्वद टक्के काळे.

साडेआठच्या सुमारास तीन काका आले. तिघंही साठीच्या पुढचे, डोक्यावर माकडटोप्या. काउंटरसमोरच त्यांची चर्चा सुरू झाली.

"चार युरो म्हंजे किती रं?"

"चारशेच्या वर जातंय बघ."

"कोट टांगाय चारशे? मग मी गारठून मेलो तरी चालंल."

मी म्हटलं, "काका, आत गारठणार नाही. उलट घामानं भिजाल."

तिघं जागच्या जागी थिजले. मग चौकशा. मिरजेत कुठं, आडनाव काय, घरचे काय करतात. मागे रांग वाढत होती, फिनिश माणसं नेहमीप्रमाणे एक अक्षर न बोलता उभी होती. तिघंही कराडकडचे निघाले. त्यातल्या उंच, रुंद खांद्यांच्या काकांचे दोन्ही कान मोडलेले होते, कुरकुरीत भज्यासारखे चुरगळून मिटलेले. असे कान तालमीतच होतात. मी ओळखलं हे बघून ते खुलले. रोवानिएमीला नॉर्दर्न लाइट्स बघायला निघालेल्या सहलीतून ही मंडळी दोन रात्री हेलसिंकीत होती आणि सकाळी टूरवाल्याला टांग मारून भलत्याच ठिकाणी जाऊन आली होती. ऑलिंपिक स्टेडियमच्या शेजारचा जुना मेस्सुहाल्ली, आताचं त्योलोचं क्रीडागृह. 1952 साली कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी तिथेच कुस्तीत कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी या शहरात राहते, त्या इमारतीवरून ट्रामने जाते, आणि आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. पैलवान काका म्हणाले, "आम्ही आत गेलो. पोरं बॉल खेळत होती. एका कोपऱ्यात उभं राहून नमस्कार केला आन् आलो."

मी त्यांना सांगितलं, मग आत गेल्यावर लोंकेरो मागा. जिन आणि ग्रेपफ्रूट सोड्याचं हे पेय त्याच ऑलिंपिकसाठी निघालं. बाहेरून एवढी गर्दी येणार, बारवाल्यांना एकेक पेय हाताने मिसळत बसायला वेळ कुठला, म्हणून सरकारी मद्य कंपनीनं बाटलीतच तयार करून दिलं. दारूचं सगळंच इथे सरकारच्या नजरेखाली चालत आलंय. 1919 ते 1932 पूर्ण दारूबंदी होती. ती उठली तो मुहूर्त 5 एप्रिल 1932, सकाळी दहा. म्हणजे आकडे ओळीनं लावले की 5-4-3-2-1-0. कडक दारू अजूनही फक्त सरकारी आल्को दुकानात मिळते, किराणा दुकानातली बिअरही रात्री नऊला बंद. आपण हसायचं कारण नाही. महाराष्ट्रात प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो, फक्त विचारत कुणी नाही. इथे विचारतात. झिंगलेल्या गिऱ्हाइकाला दारू देणं कायद्यानं मना आहे, आणि बारटेंडर तोंडावर 'आता पाणी घ्या' म्हणतो.

"म्हंजे खाशाबांच्या साली निघालेली दारू," पैलवान काकांनी सार काढलं आणि तिघं आत गेले. बिल्ले 216, 217, 218.

बँड हुंप्पा आणि टँगो वाजवणारा होता. फिनलंडला टँगोचं वेड आहे हे पटायला वेळ लागतो. सेइनायोकी गावात 1985 पासून दर उन्हाळ्यात टँगोचा मोठा मेळा भरतो. हुंप्पा म्हणजे धपाधप उड्या मारत नाचायचं संगीत, आणि दोन्हींत अकॉर्डियन हवंच. नऊला सुरू झालं. मधल्या दारातून काका दिसत होते. हातात लोंकेरो, भिंतीला पाठ, आणि ताल मात्र मानेत बरोबर.

दहा वाजून गेल्यावर संगीत तुटलं. गाणं संपतं तसं नाही, वीज गेल्यासारखं. आगीची सूचना मिळाली की आमच्या इथे ध्वनियंत्रणा आपोआप बंद होते. मग भोंगा, आणि त्यामागून फिनिश, स्वीडिश, इंग्रजीत तीच सूचना: इमारत सोडा.

अशा वेळी नारिक्काचा नियम सरळ आहे. एकही कोट द्यायचा नाही. काउंटर दाराच्या तोंडाशी असतं. चारशे माणसं बिल्ले पुढे करून थांबली, तर बाहेर पडायची वाटच बुजते. मी पिवळं जाकीट चढवलं, काउंटरवरची फळी पाडली आणि हाताने दार दाखवत ओरडत राहिले. बहुतेक लोक निमूट गेले. टी-शर्टात, झिरझिरीत पार्टी ड्रेसमध्ये, डोक्यावर सांताच्या लाल टोप्या. वजा सतरामध्ये.

काका थांबले. "पोरी, माझा कोट दे. आत पासपोर्ट हाय."

"काका, आधी बाहेर."

"अगं, दोनशे सोळा, त्यो काय समोर दिसतोय! हात लांब कर फकस्त."

दिसत तर होताच, हाताच्या अंतरावर. पण त्यांच्या मागे एक बाई आपला बिल्ला काढू लागली, तिच्या मागे आणखी दोघं. एक कोट दिला असता तर फळी परत उघडली असती. मी पैलवान काकांच्या छातीला हात लावून ढकललं. तसा तो माणूस माझ्यानं हलणारा नव्हता, स्वतःहून हलला. "आपल्या गावची असून असं करतीस?" म्हणत गेला, पण गेला.

बाहेर दोन गोष्टी एकदम घडल्या. अग्निशमनाचा बंब येऊन ट्रामच्या रुळांवरच उभा राहिला आणि त्याच्यामागे ट्राम अडकली. चालकानं परिस्थिती बघितली आणि सगळी दारं उघडली. शेजारच्या पिझ्झावाल्यानं शटर पूर्ण वर केलं, समोरच्या बारनं माणसं आत घेतली. तरी शंभरेक जण पदपथावर होतेच. सॉनातून निघून बर्फात उभी राहणारी ही माणसं, त्यांना पाच मिनिटं काही वाटत नाही. धोका प्यायलेल्यांचा असतो. दारूनं कातडीकडचं रक्त वाढतं, ऊब वाटते, आणि तेवढ्याच वेगानं अंगातली उष्णता निघून जाते. सांताची टोपी घातलेला एक जाडा गृहस्थ बर्फाच्या ढिगावर आरामात बसला होता, उठायला तयार नव्हता. आमचा सुरक्षारक्षक त्याच्याशी नियमानुसार समजुतीनं बोलत होता. पैलवान काका तिथे आले, एक हात काखेत, एक कमरेत, आणि तो गृहस्थ उभा. तसाच उचलून ट्रामच्या पायरीवर. सुरक्षारक्षकानं फिनिशमध्ये काहीतरी म्हटलं, काकांनी मराठीत उत्तर दिलं, दोघांचं समाधान झालं.

ट्राममध्ये गिटारवाला, ड्रमवाला मोकळ्या हातांनी आले होते. अकॉर्डियनवाला मात्र वाद्यासकट, कारण ते छातीला पट्ट्यांनी बांधलेलं होतं आणि सोडत बसायला वेळ नव्हता. थंडीतून आणल्यावर त्यानं भाता जरा हलवून बघितला. कुणीतरी तुटलेल्या गाण्याचं नाव घेतलं. त्यानं तिथूनच पुढे उचललं, टँगो, अगदी हळू. हेलसिंकीच्या ट्राममध्ये शेजाऱ्याशी बोलणंसुद्धा आगाऊपणा समजतात, आणि तिथे साठ-सत्तर माणसं खालच्या पट्टीत गात होती. चालक आरशातून बघत होता. त्यानं फक्त हीटर वाढवला.

आग नव्हतीच. रंगमंचावर धुरकं सोडायचं यंत्र असतं. सभागृहातल्या धूर ओळखणाऱ्या सूचकांचा बंदोबस्त कार्यक्रमाआधी करतात, पण कुणीतरी बिअरचे पिंप आणायला मागच्या मार्गिकेचं दार अडकवून उघडं ठेवलं आणि धुरकं तिथल्या सूचकापर्यंत पोचलं. सूचना थेट आपत्कालीन केंद्राला जाते. आम्ही इथे बटण दाबून ती मागे घेऊ शकत नाही. जवानांनी तळघरापासून छतापर्यंत बघितलं तेव्हाच आत सोडलं. अर्धा तास तरी गेला.

खरं काम त्यानंतर. निम्म्या लोकांना आता घरी जायचं होतं, म्हणजे दोनशे कोट एकाच वेळी. फिनिश रांग अशा वेळी सोनं असते. कुणी पुढे घुसलं नाही. पण बिल्ले बर्फात, ट्राममध्ये, पिझ्झाच्या टेबलाखाली पडले होते. बिल्ला नसेल तर नियम असा की सगळे कोट जाईपर्यंत थांबायचं, उरलेल्यांतून आपला ओळखायचा. पहाटेचे चार वाजतात.

पैलवान काकांचा बिल्ला अर्थातच हरवला होता. सांताला उचलताना पडला असणार.

"सोबतचे दोन बिल्ले दाखवा," मी म्हटलं. 217, 218. हँगर क्रमानं असतात, तेव्हा 216 शोधायला काही लागलं नाही. पण नंबर माहीत असणं म्हणजे कोट तुमचा असणं नव्हे. शिफ्टची प्रमुख आली, तिनं विचारलं, खिशात काय आहे? मी मराठीत विचारलं.

"डावीकडं अमृतांजन. उजवीकडं हातमोजं. आतल्या खिशात पासपोर्ट, त्याच्यात बायकोचा फोटो."

तिनं बाटली उघडून वास घेतला आणि डोळे मिटले. पासपोर्ट उघडला, फोटोतल्या कानांकडे बघितलं, समोरच्या कानांकडे बघितलं आणि कोट पुढे सरकवला.

काका कोट घालेनात. आत ड्रमचा पहिला ठोका पडला होता, उरलेला कार्यक्रम सुरू होत होता. त्यांनी पासपोर्ट तेवढा काढून शर्टाच्या खिशात घातला, वर बटण लावलं आणि कोट परत माझ्या हातात दिला.

"ह्याचे परत चार युरो?"

मी प्रमुखाकडे बघितलं. तिला प्रश्न कळला होता, भाषा न कळता. तिनं मान हलवली.

"नाही काका. आज एकदाच."

"मग बिल्ला चांगल्या दोरीचा दे," म्हणाले. दोरीचे बिल्ले आमच्याकडे नसतात.

मी हँगरवरचा रबरबँड काढून दिला. तो मनगटात अडकवून ते आत गेले आणि बार बंद होण्याआधी शेवटच्या ऑर्डरसाठी दिवे मिचकावतात, तोवर हलले नाहीत. दिवे मिचकावल्यावर मात्र तिघंही तडक दाराकडे निघाले. परत आगीचा भोंगा होणार असं त्यांना वाटलं होतं.