विळ्याचा तुकडा

यंदा अक्षय्य तृतीयेला आत्याबाईंनी कोंबडी बसवली. एवढ्या उन्हाचं कोंबडी बसवू नये, हे सोळा वर्षांपूर्वी या घरात आल्यावर त्यांनीच मला शिकवलेलं. पण तांबडी खुडूक झाली ती चार दिवस खुराड्यातून उठेना, हात नेला की अंग फुगवून टोचायची. "बसू दी तिला, तिचं तिला कळतंय," म्हणत त्यांनी पाटीत राख पसरली, वर गव्हाचं काड, काडाखाली मोडक्या विळ्याचा वीतभर तुकडा आणि वर अकरा अंडी. वळवाचा गडगडाट झाला की अंडी नासतात, खाली लोखंड असलं की नासत नाहीत, असा त्यांचा हिशोब.

त्याच आठवड्यात मी कापडाच्या काळ्या रंगासाठी लोखंडाचं पाणी घालायला घेतलं होतं. पुढचं भांडण तिथंच सुरू झालं.

आम्ही आटपाडी भागातले. दोन एकर डाळिंब, तीसेक गावरान कोंबड्या, दोन शेरडं आणि गेली पाच वर्षं माझं नैसर्गिक रंगांनी कापड रंगवणं. कुणालाही हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला : सांगली जिल्ह्यात राहून हळद का नाही वापरत? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते खरंच आहे. पण कापडावर हळद म्हणजे चार दिवसांची पाहुणी. उन्हात उडून जाते आणि साबण लागला की लाल होते. डाळिंबाच्या सालीचा पिवळा दिसायला तेवढा झगझगीत नाही, जरा मळकटच, पण टिकतो. आणि साल आमच्याकडं फुकट. तडकलेली, डाग पडलेली फळं व्यापारी घेत नाही. ती फोडून दाणे कोंबड्यांपुढं टाकायचे, साल पत्र्यावर वाळत घालायची. दिवसभर कोंबड्या लाल चोची घेऊन फिरतात.

सुती कापड तसं हट्टी असतं, रंग सहजी धरत नाही. मांजरपाट आणला की आधी धुण्याचा सोडा घालून उकळायचा, खळ पार निघाली पाहिजे. मग हिरड्याच्या पाण्यात रात्रभर. हिरडा मी सांगलीहून काष्ठौषधीच्या दुकानातून आणते. त्यातला तुरटपणा कापडात मुरला की मगच तुरटी धरते आणि तुरटी धरली की रंग. तुरटी मी किलोभर कापडाला दीडशे ग्रॅमच्या पुढं जाऊ देत नाही. या कामाची पातेली वेगळी, ती स्वयंपाकाला कधीच नाहीत. काळा हवा असेल तर लोखंडाचं पाणी. जुने खिळे, बैलाच्या खुरांच्या पत्र्या, मोडका फाळ, जे गंजकं सापडेल ते माठात घालायचं, वर पाणी आणि गूळ, आणि तोंड फडक्यानं बांधून अठरा-वीस दिवस उन्हात ठेवायचं. आंबूस वास सुटतो, फेस येतो, मग बसतो. हिरड्यातल्या कापडाला हे पाणी लागलं की डोळ्यांदेखत काळं होतं. मात्र हात आवरून वापरायचं, लोखंड जास्त झालं तर कापड काही वर्षांत विरतं.

यंदा माठात लोखंड कमी पडत होतं. कोंबडी दाणे टिपायला उठलेली, काडाखालून विळ्याचं टोक दिसलं. घेतलं आणि माठात टाकलं. मला तर ते भंगारच वाटलं.

आठव्या रात्री मोबाईलचा टॉर्च लावून अंडी बघितली. नऊ अंड्यांत लाल शिरांचं जाळं होतं, दोन पोकळ निघाली, ती काढली. पुढं तेराव्या रात्री वळीव आला. पाऊस पाच मिनिटं, गडगडाट तासभर. सकाळी आत्याबाईंनी पाटीत हात घातला.

"ईळ्याचा तुकडा हितं ठिवला व्हता, कुठं गेला गं?"

मी सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त वाईट. एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं निघाली. तीन अंडी तशीच राहिली, फोडली तर आत तयार पिल्लं मेलेली. मी म्हटलं, ऊन. त्या म्हणाल्या, ईळा. ती तीन पिल्लं अजून माझ्या नावावर आहेत आणि आल्यागेल्याला सांगितली जातात.

उन्हानं कोंबड्यांचे हाल झाले हे मात्र खरं. चोच उघडी टाकून धापा टाकत बसायच्या, पंख अंगापासून सुटे सोडून. सारखी धाप लागली की अंड्याचं कवचही पातळ होतं, हातात घेताना चिरतं. खुराड्यावर ओली गोणपाटं टाकायची, पाणी तीनदा बदलायचं. टेंभू योजनेच्या पाण्याचं आवर्तन लांबलं होतं, विहिरीला तासभर मोटर चालायची. त्यात माझं धुवायचं काम. एका कापडाचं तिसरं पाणी दुसऱ्याचं पहिलं, असं करत मी दिवस काढले. नवरा बोलत नाही, पण बादल्या मोजतो.

पिल्लांना सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे राणीखेत रोगाच्या लसीचा, थेंब डोळ्यात घातला. त्यानंतर तीन-चार दिवसांनी मी लोखंडाचं पाणी गाळून घमेल्यात काढलं आणि हिरड्यातला चार मीटर मांजरपाट अंगणात पसरला. कुर्त्यांची ऑर्डर होती. चहा घ्यायला आत गेले तेवढ्यात तांबडी घमेल्यात उतरली. उन्हाळ्यात कोंबड्यांना पाय भिजवून उभं राहायला फार आवडतं. मला बघून फडफडली, पाणी सांडलं, त्या ओलातनं पिल्लं पळाली, आणि सगळा कबिला कापडावरून आरपार गेला.

आधी चोची धुतल्या, कुणी प्यायलं असेल तर म्हणून. मग कापडाकडं बघितलं. हिरड्याच्या फिकट पिवळ्यावर तांबडीचे तीन बोटांचे ठसे राखाडी होते, बघता बघता काळे झाले, मागचं छोटं बोटसुद्धा उमटलेलं. शेजारी पिल्लांचे, बाजरीच्या कणसावरच्या कुसळासारखे बारीक. लिंबू चोळलं, आंबटानं लोखंड सुटतं. पाच लिंबं गेली, उन्हाळ्यातली महागाची लिंबं, तेव्हा दीड मीटरवरचे डाग जरा फिके झाले. ऑर्डरवाल्या बाईंना फोन करून आठ दिवस मागून घेतले. त्यांनी दिले, पण आवाजात नाराजी होती.

कापड घडी करून आत ठेवणार, तर आत्याबाईंनी ते हातातून घेतलं. दारात बसून पिल्लांचे ठसे बोटानं मोजत राहिल्या.

"वाकळंला वरनं घालू ह्ये. टाकू नगंस."

आता वाकळ शिवून होत आलीय. माठ रिकामा केला त्या दिवशी विळ्याचा तुकडा त्यांनी आठवणीनं मागून घेतला, राखेनं घासला आणि खुराड्याच्या आत, वरच्या दांडीला बांधला. तारेनं, दोन वेढे देऊन, पकडीनं पिळून.