नागपूरच्या उन्हाळ्यात ३०९० ग्राफिक्स कार्ड पाण्यावर घेतलं, माझा अनुभव

बरेच जण विचारत होते म्हणून शेवटी लिहायला बसलो. कार्ड कोणतं घेतलं, का घेतलं, आणि ते पाण्यावर नेताना, म्हणजे आत फिरणाऱ्या पाण्याने थंड करायची सोय करताना, काय काय झालं ते सगळं सांगतो.

२०२३ च्या जानेवारीत माझ्याकडे १०७० होतं आणि नवीन मॉनिटर फोर के आणलेला, त्यामुळे फ्लाइट सिम्युलेटर उघडला की सोनेगाववर उतरतानाच सगळं अडखळायचं. ४०८० नुकतं आलेलं, गेमिंगला ३०९० पेक्षा सरळ सरळ फास्ट, वीजही कमी खातं, पण तेव्हा आपल्याकडे किंमत लाखाच्या वर होती. ४०७० टीआय गेममध्ये जवळपास ३०९० च्याच बरोबरीचं पण मेमरी फक्त १२ जीबी, आणि माझी बहीण इंटिरियरचं काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये याच मशीनवर करते, तिला २४ जीबी म्हणजे फार मोठी गोष्ट. त्यात सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टो कमावणं) बंद झालेलं आणि सेकंडहँड बाजारात ३०९० धडाधड यायला लागलेले. मग ठरवलं, जुनं ३०९० घ्यायचं, ६४ हजारात सौदा झाला.

पण पाण्यावर न्यायचं डोक्यात असेल तर कार्ड बघायच्या आधी ब्लॉक, म्हणजे आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा, बघा, हे मी सगळ्यांना हात जोडून सांगतो. फुल कव्हर ब्लॉक फक्त चिपवर बसत नाही, मेमरी आणि व्हीआरएम (वीज पुरवणारे भाग) सगळं झाकतो, त्यामुळे तो त्या पीसीबीसाठीच (कार्डाच्या सर्किट बोर्डासाठीच) बनवलेला असतो. एकाच कंपनीच्या दोन ३०९० चे पीसीबी वेगळे असू शकतात, एखादा कपॅसिटर चार मिलिमीटर इकडे सरकला की ब्लॉक बसणारच नाही. मी दोन स्वस्त सौदे याच कारणाने सोडले. शेवटी विजेचे दोन ८ पिन कनेक्टर असलेलं, रेफरन्स पीसीबीचं (मूळ नमुन्याच्या बोर्डाचं) कार्ड शोधलं कारण त्याला ब्लॉक सगळ्यात जास्त मिळत होते. विकणाऱ्याकडून मागच्या स्टिकरचा फोटो मागवला, मॉडेल नंबर ब्लॉकच्या यादीत जुळवून पाहिला आणि मगच पैसे दिले.

एप्रिल आला आणि खरा प्रॉब्लेम दिसला. बाहेर ४३-४४, खोलीत कूलर लावून ३४. ३०९० ला मेमरीच्या २४ चिप्स आहेत, १२ पुढे आणि १२ मागे, आणि मागच्या बाजूला तर नुसती धातूची प्लेट. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी जंक्शन (मेमरी चिपच्या आतलं तापमान) १०८ दाखवत होतं, ११० ला कार्ड स्वतःच स्पीड कमी करतं, म्हणजे अर्ध्या तासात गेम अडखळायला सुरुवात. पंखे इतके ओरडत होते की बहीण शेजारच्या खोलीतून दार लावायची.

आधी स्वस्त उपाय केला, अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देणं. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ०.८५ व्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ ठेवलं, ३५० वॅटचं कार्ड २८० च्या आसपास आलं आणि फ्रेम्स अगदी थोड्या गेल्या. खूप लोकांचं काम एवढ्यात भागेल आणि भागलं तर तिथेच थांबा, कारण पाण्याने फ्रेम्स फारशा वाढत नाहीत, दोन-चार टक्के धरा. मला शांतता पाहिजे होती आणि मेमरी थंड पाहिजे होती म्हणून मी पुढे गेलो.

खर्च आधीच सांगतो, ५५ हजारांच्या वर गेला, म्हणजे कार्डाच्या जवळपास. ब्लॉक, ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर, डी५ प्रकारचा पंप आणि टाकी, सीपीयूचा ब्लॉक, पंखे, आणि फिटिंग्ज (नळी जोडायचे सांधे). फिटिंग एक एक घेताना किरकोळ वाटतं पण १४ लागल्या की तोच आकडा मोठा होतो. थोडं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मित्राने आणलं, बाकी ऑनलाइन. रेडिएटर तांब्याचेच घ्या, ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा असं एका पाण्यात ठेवलं तर अ‍ॅल्युमिनियम गंजत जातं.

आमचे मामा ३० वर्षं कूलर दुरुस्त करतात. त्यांना सगळं सामान दाखवलं तर पंप हातात घेऊन पहिलं वाक्य, "हा कोरडा चालवू नको बाप्पा, जळून जाईन." अगदी खरं आहे, डी५ च्या आतल्या बेअरिंगला पाणीच वंगण आहे, मिनिटभरही कोरडा चालवायचा नाही. दुसरं त्यांनी विचारलं, पाणी कोणतं टाकणार. नागपुरात कूलरच्या ताट्यांवर एका सीझनमध्ये पांढरा थर चढतो तो सगळ्यांनी पाहिलाय, ब्लॉकच्या आतल्या खाचा अर्धा मिलिमीटरच्याही आत असतात, तिथे तो थर बसला तर संपलंच. म्हणून रेडिएटर आधी गरम पाण्याने आणि मग डिस्टिल्ड वॉटरने चांगले चार-पाच वेळा खळबळून घेतले (पहिल्या वेळी काळपट चुरा निघाला, सोल्डरिंगचा), आणि भरताना तयार कूलंट वापरलं.

कार्ड उघडायच्या आधी दहा मिनिटं गेम चालवून ते गरम केलं, चिपवरची थर्मल पेस्ट मऊ होते. स्क्रू काढल्यावर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) वर ओढायचा नाही, हळू हळू डावीउजवीकडे फिरवायचा, आणि पंख्याच्या बारीक वायरी अजून जोडलेल्या असतात हे लक्षात ठेवायचं. आतली पॅड्स (मेमरीची उष्णता हीटसिंकला देणाऱ्या मऊ पट्ट्या) वाळून चुरा झालेली होती, मायनिंगचं कार्ड असल्याने अपेक्षितच होतं. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) सगळं पुसलं.

आता माझी चूक. ब्लॉकसोबत आलेल्या १ मिलिमीटरच्या पॅडपैकी एक पट्टी कमी पडली, माझ्याकडे १.५ ची होती, मेमरीच्या तीन चिप्सवर ती लावली. अर्धा मिलिमीटरने काय होतंय असं वाटलं. सगळं जोडून चालू केलं तर कोर (मुख्य चिप) ५५ आणि हॉटस्पॉट (तिच्यावरची सगळ्यात गरम जागा) ८८! इतका फरक म्हणजे ब्लॉक एका बाजूने उचललेला आहे, चिपवर नीट टेकतच नाही. सगळं पाणी काढलं, कार्ड परत उघडलं, तर चिपवरची पेस्ट एका कोपऱ्यात जशीच्या तशी जाड बसलेली, बाकी तिन्ही कोपऱ्यांत कागदासारखी पातळ. बरोबर १ मिलिमीटरची पॅड मागवली, चार दिवस वाट पाहिली, आणि या वेळी चारही स्क्रू आडवेतिडवे थोडे थोडे आवळत नेले. कोर ५२, हॉटस्पॉट ६५.

लीक टेस्टबद्दल मुद्दाम लिहितो कारण लोक इथेच घाई करतात. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या कनेक्टरला जंपर (दोन पिना जोडणारी वायर) लावला आणि फक्त पंपाला वीज दिली, मदरबोर्ड आणि कार्डाला अजिबात नाही. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर. टाकीत पाणी ओतायचं, पंप दोन सेकंद, बंद, परत ओतायचं, असं टाकीत पाणी टिकेपर्यंत. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन पाहिलं तर कार्डाच्या डाव्या फिटिंगखालच्या पेपरवर टिकलीएवढा ओला डाग. फिटिंगची ओ-रिंग (रबरी कडी) आवळताना चिमटली गेली होती. बदलली, परत २४ तास पंप चालवला, मग कुठे मशीन सुरू केलं. तो कागद नसता तर तेच पाणी कार्डाच्या मागच्या बाजूवरून थेट स्लॉटमध्ये गेलं असतं.

नळीचा क्रम काय ठेवायचा यावर लोक खूप वाद घालतात. तासाला २०० लिटर पाणी फिरत असेल आणि कार्ड ३५० वॅट देत असेल तर कार्डातून जाताना पाणी तापतं दीडच डिग्री. त्यामुळे जिथून नळी सरळ जाते तिथून न्या, फक्त पंपाच्या वर टाकी पाहिजे आणि सीपीयू ब्लॉकचं इन-आउट बरोबर पाहिजे.

पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही हेही नागपूरवाल्यांनी समजून घ्यावं. रेडिएटर म्हणजे कूलरसारखं बाष्पीभवन नाही, हवा ३४ ची असेल तर पाणी ३४ च्या वरच राहणार, माझ्याकडे मे महिन्यात ४४-४५ पर्यंत जातं. याच कारणाने कूलरच्या दमट हवेतही ब्लॉकवर दव धरत नाही, शेजारचे काका रोज विचारायचे म्हणून हे सांगतोय. मागच्या मेमरीपर्यंत पाणी पोहोचत नाही, तिथे प्लेटखाली नवीन पॅड आणि वरून एक १२० मिलिमीटरचा पंखा लावला. मेमरी १०८ वरून ८२ वर आली, भर मे महिन्यात, संध्याकाळी सिम्युलेटरमध्ये सलग तीन तास विमान उडवून. पंखे ९०० आरपीएमला असतात, आता खोलीत कूलरचाच आवाज येतो. बहिणीचे रेंडर रात्रभर चालतात आणि मी त्याच खोलीत झोपतो.

वर्षभराने, २०२४ च्या मेमध्ये कूलंट बदललं तेव्हा ब्लॉक आतून स्वच्छ होता. पण ड्रेन व्हॉल्व्ह बसवला नव्हता ते फार नडलं. मामांनी केस तिरकी धरली, मी खाली परात, आणि तरी तळाच्या रेडिएटरमध्ये पाणी राहिलंच. सगळ्यात खालच्या जागी एक टी (तीन तोंडी सांधा) आणि बॉल व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी टाका, माझा आता लागलाय.