गोटी आणि बांगडीचा तक्ता सेमच येतो

पोरांच्या गणिताच्या वहीत तो तक्ता असतो ना, सपाट पृष्ठं किती, वक्र पृष्ठं किती, कडा किती, शिरोबिंदू किती, तो भरायला एकदम सोपा आणि म्हणूनच मला थोडा डेंजर वाटतो. घनाची ६ पृष्ठं, १२ कडा, ८ शिरोबिंदू. इष्टिकाचितीची, म्हणजे संत्रा बर्फीच्या डब्याची म्हणा, पुन्हा तेच ६, १२, ८. भाची सहावीत आहे, तिने सरळ विचारलं, "मामा, मग आपण हे मोजून काऊन राहिलो?"

प्रश्न बरोबर आहे तिचा. शंकू घ्या, १ सपाट, १ वक्र, १ कडा. दीक्षाभूमीच्या घुमटासारखा अर्धगोल घ्या (भरीव समजा), त्यालाही १ सपाट, १ वक्र, १ कडा. फरक काय तो टोकाचा. आता घरातला स्टीलचा गोल डबा आणि पाण्याचा ग्लास, तोच खाली निमुळता असतो तो. ग्लासचं तोंड बंद आहे असं धरलं तर दोघांनाही २ सपाट, १ वक्र, २ कडा. पण एक वृत्तचिती आहे आणि दुसरा शंकूछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू.

मोजू नका, फरशीवर आडवे करून ढकला! डबा सरळ भिंतीपर्यंत जातो. ग्लास गोल वळतो, कारण तोंडाचा घेर मोठा, तळाचा लहान, एका फेरीत तोंडाकडची बाजू जास्त अंतर कापते. त्याच्या बाजू मनातल्या मनात पुढे वाढवल्या तर जिथे मिळतील त्या बिंदूभोवतीच तो फिरत असतो, म्हणजे लपलेला शंकू सापडतो बघा.

दुसरी गोष्ट पट्टीची. डब्याच्या अंगावर पट्टी उभी धरली तर पूर्ण चिकटून बसते, शंकूवरही टोकापासून तळापर्यंत बसते. चेंडूवर कशीही धरा, एकाच ठिकाणी टेकते. सगळं वक्र एकसारखं वक्र नसतं. डब्याचं लेबल सोडवलं की आयत होतो, शंकूचा कागद उलगडला की वर्तुळाचा तुकडा, पण संत्र्याचं साल टेबलवर दाबून सपाट करायला गेलात की फाटतंच, आणि आपल्या नागपूरकरांनी साली काही कमी सोललेल्या नाहीत. जर्मन गणितज्ञ गाऊसने १८२७ मध्ये हेच सिद्ध केलं, गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय सपाट होतच नाही. जगाचा नकाशा कुठेतरी वाकडा असतोच तो यामुळे.

गणितज्ञ ऑयलरचं सूत्र, पृष्ठं + शिरोबिंदू − कडा = २, घनाला मस्त लागतं, वृत्तचितीला ३ + ० − २ म्हणजे १ येतं. सूत्र सपाट पृष्ठांवाल्यांचं आहे, तिथे वक्र घुसवायचं नाही, विषय संपला.

आणि गोटी विरुद्ध गोल कडेची काचेची बांगडी? दोघींना सपाट ०, वक्र १, कडा ०, शिरोबिंदू ०. पूर्ण ओळ सेम! भाचीने दोन मिनिटं बांगडी बोटात फिरवली आणि तक्त्यात पेन्सिलने स्वतःचा एक कॉलम वाढवला, वर लिहिलं "भोक".