थाप एकच, बाकी सगळं मोजूनमापून

‘त्या जुन्या, अचाट हेरकथा तुम्ही आजही इतक्या आवडीनं कशा वाचता? त्यातलं काही खरं तरी वाटतं का?’ हे मला वरचेवर विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगायचं तर, कथानक खरं वाटत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. चांगल्या हेरकथेत अचाट थाप एकच असते. ती पेलायला खाली खऱ्या तपशिलांचा भक्कम पाया घातलेला असतो, आणि तो पाया न्याहाळण्यातच माझा सगळा आनंद आहे.

जेम्स बाँड या हेराला जन्म देणाऱ्या इयन फ्लेमिंगचं पहिलं पुस्तक घ्या, १९५३चं ‘कसिनो रोयाल’. शत्रूच्या खजिनदाराला जुगारात हरवून कंगाल करायचं, ही त्यातली थाप. पण त्याआधी बाँड बारमनला पेय कसं करायचं ते सांगतो: तीन मापं जिन, एक माप व्होडका, अर्धं माप कीना लिलेट ही फ्रेंच वाइन. गारेगार होईपर्यंत घुसळायचं आणि वर लिंबाच्या सालीचा मोठा, पातळ काप. त्या अर्ध्या मापानं काम होतं. इतकं बारीक ज्याला ठाऊक, त्याला बाकीचंही ठाऊक असणार, असं आपण मनातल्या मनात धरून चालतो. इंग्रज लेखक किंग्जली एमिसनं या युक्तीला ‘फ्लेमिंग इफेक्ट’ असं नावच दिलं.

तपशील चुकला की पाया खचतो, हे फ्लेमिंगला पक्कं माहीत होतं. बूथ्रॉइड नावाच्या शस्त्रांच्या जाणकार वाचकानं १९५६ मध्ये पत्र लिहून कळवलं की बाँडचं छोटं बेरेटा पिस्तूल या कामाला अगदीच लेचंपेचं आहे. १९५८च्या ‘डॉ. नो’मध्ये बाँडच्या हाती वॉल्थर पीपीके पिस्तूल आलं, आणि ते देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव ठेवलं मेजर बूथ्रॉइड.

तरी ‘गोल्डफिंगर’मध्ये (१९५९) हिशोब फसलाच. फोर्ट नॉक्समधलं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या तिजोरीतलं, सोनं लुटायचा बेत आहे, पण सोन्याचं वजन आडवं येतं. तिजोरीतली एक प्रमाणित वीट साधारण १२.४ किलोची. म्हणजे दहा टन वाहणाऱ्या ट्रकमध्ये जेमतेम ८०० विटा मावणार. तळाला एक थर लागतो न लागतो तोच ट्रकची ताकद संपते, वरची सगळी जागा रिकामीच. १९६४च्या चित्रपटात बाँड स्वतःच हे गणित मांडतो, आणि तिथे बेतच बदललाय: सोनं हलवायचं नाही, किरणोत्सारी करून निकामी करायचं. थाप आणखी मोठी झाली, पण पचते!

याउलट, न पचणाऱ्या दोन चुका हेरकथांत सर्रास दिसतात. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावतात, पण चक्री आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू बाहेर पडतो नि आवाज होतोच. (ती फट बंद करणारं रशियन नागां रिव्हॉल्व्हर हा अपवाद.) दुसरी चूक क्लोरोफॉर्मच्या रुमालाची. क्षणात कुणी बेशुद्ध होत नाही, काही मिनिटं लागतात.

संकोच वाटावा असंही या पुस्तकांत आहे, पण ते अचाटपणात नाही. बायकांकडे आणि गोऱ्या नसलेल्या माणसांकडे बघायची नजर बऱ्याच ठिकाणी वाईट आहे. ‘लिव्ह अँड लेट डाय’मधली (१९५४) काही पानं मला आजही सहन होत नाहीत. ‘तेव्हा असंच होतं’ म्हणून तिथे सूट देऊ नये.

सुरुवात कुठून करायची? एकाच मालिकेची पुस्तकं लागोपाठ घेऊ नका. कामगिरी, प्रवास, पकडलं जाणं, खलनायकाचं लांबलचक भाषण, सुटका हा साचा लगेच उघडा पडतो. मी आधी अर्स्किन चिल्डर्सचं १९०३चं ‘द रिडल ऑफ द सँड्स’ सुचवेन. दोन इंग्रज तरुण, एक लहान शिडाची बोट आणि जर्मनीच्या किनाऱ्यावरचे वाळूचे दांडे. पुस्तकात नकाशे आहेत, ते उघडे ठेवूनच वाचा. दाट धुक्यात, होकायंत्राच्या भरवशावर, पाण्याची खोली चाचपत ते मेमर्ट बेटापर्यंत वल्हवत जातात, त्या प्रकरणात ओहोटीचं पाणी कुठल्या खाडीत किती उरलंय, हे नकाशावर बोट ठेवून बघत जा.